बोलत बोलत खाली

(घरातला जिना. वरच्या तुळईला कप्पी, कप्पीतून दोर, दोराला सासू. दोर वर उभ्या असलेल्या जावयाच्या हातात. लेक खाली, घड्याळ घेऊन.)

लेक : मोजून घेते हं. पट्टे चार, कड्या सहा, दोर दोन, कप्पी एक, खाली गाद्या तीन, उशा सात. आणि वर लटकलेली आई एक.

सासू : एक पुरे आहे. डोळ्यांवरची पट्टी किती घट्ट बांधलीयेस गं.

लेक : उद्याच्या परीक्षेत जखमी माणसाला काही दिसत नसतं. त्याला पवनचक्कीवरून बोलत बोलत खाली आणायचं. दहा सेकंद गप्प राहिलं की नापास.

सासू : मागच्या खेपेला जावईबापू किती गप्प होते?

लेक : पहिल्यापासून शेवटपर्यंत.

जावई : माणूस सुखरूप उतरला.

लेक : उतरला. पण आपल्याला वर सोडून सगळे जेवायला गेले, असं वाटून त्याने अर्धा रस्ता बोंब मारली.

सासू : बरं, आता मला उतरवा. मी तयार आहे.

लेक : सात... आठ... नऊ... दहा. नापास. अरे, हात काय हलवतोयस?

जावई : ‘सोडतोय’ म्हणालो.

लेक : हाताने?

सासू : तरीच म्हटलं, वारा कुठून येतोय.

जावई : आई, वीजघरात बॉयलरपाशी बोलून उपयोगच नसायचा. बाजूला कोळसा दळायची गिरणी, कानात बोळे. मूठ आवळली की थांब, तळवा खाली केला की सोड. एकोणीस वर्षं तेच.

सासू : म्हणजे लग्नाच्या दिवशी तुम्ही मला अंगठा दाखवलात, तो...

जावई : ‘सगळं ठीक आहे’ म्हणालो होतो.

सासू : आणि मी तेरा वर्षं मनात धरून बसलेय. अगं, हसतेस काय?

लेक : हसत नाहीये. आई, ही शेवटची संधी आहे. उद्या नापास झाला तर पवनचक्कीवरची नोकरी गेली. मग बंद वीजघराच्या फाटकावर राखणदार.

सासू : तिथे बोलायला कोणी नाही. आवडेल तुम्हाला.

जावई : नाही आवडणार, आई.

सासू : मग तोंड उघडा.

लेक : घड्याळ लावलं. चल.

जावई : आई, मी वर आहे. तुमचा दोर माझ्या हातात आहे. आता हातभर खाली सोडतोय.

सासू : अगंबाई, आवाज चांगलाय की. इतके दिवस ठेवला होतात कुठे?

लेक : पाच सेकंद झाले. बोल.

जावई : काय बोलू?

लेक : जे दिसतंय ते.

जावई : आई, तुम्ही डावीकडे वळताय. समोर भिंत आहे, तिच्यावर कोळ्याचं जाळं. आता दिवा. दिव्यावर धूळ.

लेक : हे सांगायची गरज नव्हती.

सासू : सांगू दे गं. किती धूळ?

जावई : बोटभर. अजून हातभर सोडतोय.

लेक : थांबू नकोस. सहा... सात... आठ... अरे, परत मूठ?

जावई : थांबलोय, आई. एक वाईट बातमी आहे.

सासू : दोर?

जावई : दोर पक्का आहे. तुमच्या स्वेटरचा धागा वर कडीत अडकलाय. तुम्ही खाली जाताय आणि बाही उसवत वर येतेय.

सासू : कुठवर?

जावई : कोपर दिसतंय.

लेक : आई गं.

सासू : खिदळू नकोस, उशा सांभाळ. जावईबापू, धागा तोडायचा नाही. अख्खा हिवाळा विणलाय तो. सोडा खाली, जे जाईल ते जाईल.

जावई : सोडतोय. आता दंड दिसतोय. आई, तुम्ही थरथरताय. भीती वाटतेय का?

सासू : हसतेय. आणि तुम्ही?

जावई : मी पण. दोर हलतोय तो त्यानेच, पकड सुटलेली नाही.

सासू : हे असं सांगावं हो माणसाला. मागच्या खेपेच्या त्या बिचाऱ्याला एवढंच हवं होतं.

जावई : शेवटच्या दिवशी बॉयलर विझवला ना, तर सगळं शांत झाल्यावरही आम्ही आपले हातवारेच करत होतो. मग माझा जोडीदार म्हणाला, ‘झालं.’ त्या जागेवर त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मलाही काही म्हणायचं होतं. नुसती मान हलवली. खांदा दिसतोय, आई.

सासू : दिसू दे. काय म्हणायचं होतं?

जावई : ‘चल, फाटकापर्यंत बरोबर जाऊ.’ वीतभर राहिलंय. गुडघे थोडे वाकवा. डावा पाय गादीवर. आता उजवा. टेकलात. मी अजून वरच आहे, दोर सोडलेला नाही.

सासू : माहितेय.

लेक : सगळ्यात जास्त गप्प, आठ सेकंद.