सतरा नंबरची नेमलेली चूक

…आणि वर मलाच विचारतात, "सर, तुमच्या वर्गात मुलं चुकत कशी नाहीत?" आता याला माणसानं काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा. सव्वीस वर्षं पाचवीला गणित शिकवतोय. सव्वीस वर्षं प्रत्येक तपासणीला एकच बोलणं खाल्लं, "मुलं चुकतात, म्हणजे तुम्ही शिकवत नाही." बरं, म्हटलं, नाही चुकणार. तपासणीच्या आधी आठ दिवस तोच धडा, तीच उदाहरणं घोटून घेतली, इतकी की फळ्याकडे पाठ करून बसवलं तरी उत्तर यावं. चाळीस मुलं, चाळीस हात वर, चाळीस बरोबर उत्तरं. आणि तपासणीच्या मॅडम, नव्याच आलेल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, टॅबवर बोट फिरवतात, मान हलवतात आणि आजाऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणतात, "सर, तुमच्या वर्गात भीती आहे."

भीती? आहे ना. मला आहे.

अभ्यासक्रम बदलला होता हो. जाडजूड पुस्तिका आली होती. पाठांतर बंद, परीक्षा बंद, मुलानं हातानं करत, विचारत, चुकत शिकायचं. आता मी काही जुना हेकट माणूस नाही, मी ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली आणि मनापासून सांगतो, चांगली होती. विशीत हातात पडली असती तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो. सुधारणा हवीच, माझा विरोध नाही. पण शेवटच्या पानावर तक्ता होता. तक्त्यात चोवीस रकाने. आणि नववा रकाना, "मुलांनी निर्भयपणे चुका केल्या का?" तिथं आमच्या शाळेला शून्य.

लगेच मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत पंखा डोक्यावर फिरतो तो टेबलावरचे कागद उडवण्यापुरताच, त्यामुळं त्या दोन्ही हात कागदांवर दाबूनच बोलतात. म्हणाल्या, "सर, मंगळवारी मॅडम परत येतायत. मला चुका पाहिजेत."

म्हटलं, "बाई, चुकांना काय तोटा? नेहमीसारखं शिकवतो, हव्या तितक्या मिळतील."

"तसल्या नकोत. पुस्तिकेतल्या पाहिजेत."

होय, पुस्तिकेत चुकासुद्धा छापलेल्या होत्या! 'अपेक्षित चुका', पान बेचाळीस. अर्धा अधिक एक तृतीयांश, याचं बरोबर उत्तर पाच षष्ठांश. अपेक्षित चूक दोन पंचमांश. म्हणजे मुलानं वरचे दोन आकडे मिळवायचे, खालचे दोन मिळवायचे आणि दोन पंचमांश म्हणायचं. मग शिक्षकानं रागवायचं नाही, हसायचं, कागदाच्या गोल चकत्या काढायच्या, कापायच्या आणि मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडू द्यायची. सुंदर. फक्त मूल आधी चुकायला पाहिजे, आणि पान बेचाळीसप्रमाणे चुकायला पाहिजे.

मग काय, वर्गात निवड सुरू केली. पहिल्या बाकावरच्या जाड्याला उभा केला. म्हटलं, "अर्धा अधिक एक तृतीयांश?" म्हणाला, "सत्तावीस." अरे, सत्तावीस कुठून आणलंस? "सर, तुम्हीच म्हणालात ना चुकीचं सांग." दुसरी एक मुलगी उठली आणि रडायलाच लागली, "सर, मी चुकीचं सांगितलं आणि घरी कळलं तर पप्पा मारतील." तिसऱ्यानं दोन पंचमांश पाठ केलं, चारदा म्हणून दाखवलं, पाचव्यांदा तोंडातून पाच षष्ठांश निघालं आणि त्यानं स्वतःच स्वतःच्या तोंडात मारून घेतली. आमच्या हिला घरी सांगितलं तर ही म्हणते, "सव्वीस वर्षं बरोबर उत्तर यावं म्हणून पोरांच्या मागं लागलात तेव्हा येत नव्हतं, आता चुकीचं हवं तर तेही येत नाही. तुम्ही नक्की शिकवता काय?"

आणि मग टाचणी उठली.

हजेरी क्रमांक सतरा. अंगानं बारीक, नजर टोकदार, म्हणून मुलांनीच नाव ठेवलं टाचणी. वडील नाहीत. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करते. ही पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अर्ध्यात आणखी काही मिळवलं तर अर्ध्यापेक्षा जास्त यायला पाहिजे ना? दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी झालं. असं कोण चुकेल?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आता लपवायचं कशाला, मीही स्वतःला विचारला नव्हता. म्हटलं, "बाळ, पुस्तिकेत आहे."

"मग ठीक आहे," म्हणाली. "पण मी लगेच नाही चुकणार. आधी थोडा विचार करीन, मग चुकीन. नाहीतर खोटं वाटेल."

आणि काय चुकली हो मंगळवारी! उभी राहिली, वर बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ चावला, "सर… दोन पंचमांश?" ते शेवटचं प्रश्नचिन्हसुद्धा तिचं स्वतःचं, मी नव्हतं सांगितलं. मी हसलो. चकत्या काढल्या. तिनं अर्धी चकती बघितली, तिच्याशेजारी एक तृतीयांशाचा तुकडा ठेवला, डोळे मोठे केले, "अय्या, हे तर अर्ध्याहून मोठं झालं!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी. नवव्या रकान्यात पैकीच्या पैकी. तास संपल्यावर टाचणी माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, नीट चुकले ना?"

म्हटलं, "नीट. अगदी नीट."

अपूर्णांक असा चुकायचा तर तो आतून-बाहेरून कळलेला लागतो. त्या वर्गात तो कळलेली एकच होती आणि आम्ही तिलाच चुकायला लावलं. आणि एकदा नाही. अकरा वेळा. बाहेरच्या शाळांतले शिक्षक बघायला यायला लागले, मागच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचे, वह्या काढायचे. दर वेळी टाचणी काहीतरी नवं घालायची. एकदा पाच षष्ठांशच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली, बघणाऱ्यांचा जीव टांगणीला! आणि दर वेळी तास संपल्यावर टेबलाशी, "सर, नीट चुकले ना?" मला कौतुक वाटायचं. खरंच वाटायचं. आणि दर वेळी मॅडम टॅबवर काहीतरी लिहायच्या, मला उभ्या जागेवरून दिसायचं, एक आणि सात. सतरा. मी विचारलं नाही, सतरा कशाला लिहिता म्हणून. विचारायला जीभ होती, वेळ होता, नाही विचारलं. माझं पैकीच्या पैकी चाललं होतं ना.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठं? तेच सांगतोय. आमच्या इथं एक निवासी विज्ञानशाळा आहे. पाचवीनंतर प्रत्येक शाळेतून एक मूल घेतात, बारावीपर्यंत राहणं, जेवण, प्रयोगशाळा, सगळं. टाचणीसारख्या मुलीला धुलाईखान्याच्या बाहेर पडायचं तेवढं एकच दार. पूर्वी त्याची परीक्षा असायची, तीन तासांची. ती परीक्षा बंद झाली. मुलांना ताण येतो म्हणून. बरोबरच आहे, ताण येतोच, सुधारणा हवीच, माझा विरोध नाही. आता निवड वर्षभराच्या नोंदींवरून. आणि नोंदी कुठल्या? तपासणीला येणारे टॅबवर करतात त्याच.

यादी लागली. आमच्या शाळेतून निवड झाली जाड्याची. हो, सत्तावीसवाल्या जाड्याची! वर्षभरात एकही चूक त्याच्या नावावर नव्हती, कारण वर्षभर तपासणीत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टाचणीची आई आली. कामावरून तशीच आलेली, मनगटावर इस्त्रीचे चटके. हातात कागद. "सर, माझ्या पोरीला गणित येत नाही?" मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मला वाचता येतं थोडं. इथं लिहिलंय, अपूर्णांक, अकरापैकी अकरा वेळा चूक. पायाभूत पातळी गाठलेली नाही. पण सर, आमच्याकडं मशीनला किती चादरींना किती पावडर, दोन तृतीयांश की तीन चतुर्थांश, हे मुकादम तिला विचारतो. मग हे असं कसं? तिला नाही दाखवला मी हा कागद. मी तर पेटी आणून ठेवली तिची. नाव घालून."

म्हटलं, "बघतो मी." आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. त्या बाई 'देव भलं करो तुमचं' म्हणून गेल्या, म्हणजे उरलंसुरलंही गेलं.

मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, फेरपडताळणीचा अर्ज करतो, कारण लिहितो की चूक नेमलेली होती. त्यांनी दोन्ही हात कागदांवरून उचलले. कागद उडाले, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "सर, माझी आठ महिने नोकरी राहिलीय. अर्ज करा. खरं नका लिहू." आणि मी… बघा, मी काही शूर माणूस नाही. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने अलीकडे प्रगती केली आहे.' अर्ज मंजूर झाला. फेरपडताळणीत बरोबर उत्तर आलं की जागा तिची. मॅडम स्वतः येणार, एक तास बघणार, एक प्रश्न विचारणार. फक्त नियम असा, मुलाला आधी सांगायचं नाही. सांगितलं की मूल घाबरतं.

आणि इथं मी काय केलं ऐका. मी ठरवलं, या वेळी पढवायचं नाही. खूप झाली नाटकं. खरा तास होऊ दे. पोरीला येतंय, विचारतील, सांगेल, संपलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी नियम अक्षरशः पाळला. कुणाला एक शब्द बोललो नाही.

मॅडम आल्या. तीच खुर्ची, तोच टॅब, तेच हसू. "बाळ, अर्धा अधिक एक तृतीयांश किती होतील?"

टाचणीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. ती उभी राहिली, वर बघितलं… आणि बोटांवर मोजायला लागली. नको, म्हटलं मनात, नको गं, आज नको. बोलायची सोय नाही, सूचक बोललं तर तास बाद. मी भुवया वर केल्या. इतक्या वर केल्या की कपाळ दुखलं. तिला वाटलं सर म्हणतायत, आणखी रंगव. तिनं ओठ चावला, फळ्याकडं एक पाऊल टाकलं, खडू उचलला, पाच षष्ठांश लिहिलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि तिनं ते बोटानं पुसलं! "नाही… दोन पंचमांश?"

पहिल्या बाकावरून जाड्या कुजबुजला, "झकास चुकली."

मॅडमनी टॅब बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. "किती निर्भय मुलगी आहे, सर." एक आणि सात. मी बघत होतो.

मग मात्र धावलो मी. व्हरांड्यात गाठलं त्यांना. म्हटलं, "मॅडम, तिला येतं. पहिल्या दिवसापासून येतं. मी तिला चुकायला बसवलं होतं. चूक माझी आहे, लिहा." त्या थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला, वाईट बाई नाहीत हो त्या. त्यांनी टॅब उघडला, वरून खाली, खालून वर, चोवीसच्या चोवीस रकाने बघितले. आणि म्हणाल्या, "सर, मुलांनी चूक केली का, हा रकाना आहे. शिक्षकानं केली का, असा रकाना नाही."

मी म्हटलं, "मग कागदावर लिहून देतो, सहीनिशी." म्हणाल्या, "कागद आता घेत नाहीत."

वर्गात परतलो तर टाचणी टेबलाशी उभी. बोटांना खडू. "सर, नीट चुकले ना?"

तिला मी काय सांगितलं असेल? म्हटलं, "नीट."

आता ती सहावीत आहे, पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत. पातळी न गाठलेल्या मुलांसाठी नवीन योजनेतून वेगळा वर्ग काढलाय. चौदा मुलं. शिकवायला कोण? मीच. आणि तुम्हाला सांगतो, वर्ग छान चाललाय. टाचणी चकत्या कापून तेरा जणांना अपूर्णांक शिकवते, मी फळा पुसतो. तिची पेटीही आलीय त्या खोलीत, चकत्या ठेवायला. आईनंच दिली. झाकणावर नाव आहे अजून. यादीमागचं खरं काय ते टाचणीला कळलंय, मी सांगितलं सगळं. दोन दिवस तिनं माझ्याकडं बघितलं नाही, तिसऱ्या दिवशी चकत्या कापायला कात्री मागितली.

काल सूचना आली, मंगळवारी तपासणी. टाचणीनं विचारलं, "सर, या वेळी कोण चुकणार?"

म्हटलं, "या वेळी मी चुकतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हाला जमेल? सराव लागतो."

म्हटलं, "आहे गं मला. सव्वीस वर्षांचा."

सुधारणा हवीच. माझा विरोध नाही.