अँगल कोन?

जावयानं सासुरवाडीला फोनवर कुजबुजू नये, हे मला जयगडात कळलं. ऑफिसातली सायली आणि मी मोबाईलवर रोज पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ खेळतो. त्या दुपारी सगळे आडवे झालेले, म्हणून मी पडवीत तिच्याशी हळू बोलत होतो. "एंजल नाही गं. अँगल असेल."

मागे सासूबाई उभ्या.

"जावईबापू, ही अँगल कोन?"

"बरोबर, आई. अँगल म्हणजे कोन."

"मी तेच विचारत्ये. कोन?"

"कोनच. आणि एंजल म्हणजे देवदूत. अक्षरं तीच, फक्त शेवटची दोन उलटी."

"म्हणजे दोघी बहिणी?"

आवाजानं बायको बाहेर आली. ती शाळेत भूमिती शिकवते. हसत म्हणाली, "अगं आई, कोन म्हणजे काटकोनातला कोन. शब्दांचा खेळ आहे तो."

सासूबाईंनी माझ्या फोनकडे पाहिलं.

"असेल. पण 'नाही गं' म्हणाले, ते कोनाला?"

बायको माहेरीसुद्धा शुद्ध बोलते. पण त्या दिवशी माझ्याकडे वळून तिनंही विचारलं, "कोन?"