नोंदी शून्य, चुका शून्य

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमचे विभागप्रमुख आदरणीय मोठे साहेब. मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. केकची सुरी सांभाळत बसलेल्या एचआरच्या मॅडम. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या डेटाबेसवाल्या ताई. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून कॅन्टीनच्या फ्रीजला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला सांगण्यात आलंय, दोनच शब्द बोल आणि चांगलं बोल. प्रयत्न करतो.

ताईंबद्दल काय सांगू? जीभ तिखट. मी नवा असताना माझा कोड बघून म्हणाल्या होत्या, "हे लिहिलंस की कीबोर्डवर बसलास?" पण दातांच्या सगळ्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटा ज्या एका टेबलात असतात, ते त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

ते टेबल होतं लांबच्या रीजनमध्ये, म्हणजे परदेशातल्या सर्व्हरवर. बटण इथे दाबायचं, उत्तर सातासमुद्रापलीकडून यायचं. ते जवळच्या रीजनमध्ये कॉपी करायला ताईंनी स्क्रिप्ट लिहिली. काम साधं. जिथे न्यायचं ती जागा आधी रिकामी करायची, मग जिथून आणायचं तिथल्या नोंदी उचलून भरायच्या. इतर ठिकाणी असली कामं गुपचूप उरकतात. आपल्याकडे स्क्रिप्टचंही उद्घाटन होतं. ही दूरदृष्टी साहेबांची, दुसऱ्या कुणाला सुचली असती का?

तर पडद्यावर दोन चौकोन होते, त्यांची नावं स्क्रिप्टमधूनच यायची. जुनं रीजन उजवीकडे, नवं डावीकडे. साहेबांना खटकलं. म्हणाले, नवं उजवीकडे हवं, प्रगती पुढे जाताना दिसायला हवी. ताई म्हणाल्या, चित्र बदलून देते, एक दिवस द्या. पण पाहुणे गेटवर पोचले होते. मग ताईंनाच गुच्छ देऊन गेटवर पिटाळलं, आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने स्क्रिप्टमधल्या दोन नावांची अदलाबदल केली. मी शेजारीच प्रोजेक्टरची वायर धरून उभा होतो. पडद्यावर प्रगती झकास दिसायला लागली. स्क्रिप्टला बिचारीला प्रगती कळत नाही, तिला फक्त कुठून आणि कुठे एवढंच कळतं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. स्क्रिप्टने आज्ञाधारकपणे भरलेलं टेबल रिकामं केलं आणि रिकाम्या टेबलातलं सगळं, म्हणजे काहीच नाही, त्यात भरलं. पडद्यावर आलं: कॉपी पूर्ण, नोंदी शून्य, चुका शून्य. साहेबांनी मोठ्याने शेवटचे दोनच शब्द वाचले. आपण टाळ्या वाजवल्या. वाजवल्या की नाही?

टाळ्या विरतायत तोवर फोन सुरू. एका दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या मते आज एकही पेशंट नाही, मग हे गाल धरून बसलेत ते काय माझे व्याही आहेत? साहेब पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले. ताई उपाशीपोटी बसल्या आणि बॅकअपवरून सगळ्या नोंदी परत आणल्या. हो, तोच बॅकअप, जो घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं, असं साहेबांनी मीटिंगमध्ये समजावलं होतं.

मग चौकशी समिती बसली. अध्यक्ष कोण? आजचेच. मला बोलावलं नाही, मी विचारलं तेव्हा "गरज नाही" असं उत्तर मिळालं. निष्कर्ष निघाला की स्क्रिप्ट ताईंची, म्हणजे चूक ताईंची. त्यावर ताईंनी स्वेच्छेने राजीनामा दिला. इतक्या स्वेच्छेने, की दोन माणसं दार लावून समजूत काढत होती.

परवा नव्या नोकरीच्या मुलाखतीत ताईंना पहिलाच प्रश्न आला, टेबल उडवलं ते तुम्हीच ना? नोकरी गेली हातची. घरी आईने विचारलं, "असं काय पुसलंस गं, की कुणी दारात उभं करेना?" हे मला सांगताना ताई हसत होत्या. मला काही हसता आलं नाही.

पाहुणे, त्या अहवालावर तुमची सही अजून व्हायची आहे म्हणे. बटण तुम्ही दाबलंत, त्यात तुमचा दोष नाही. पण सही करण्याआधी मला एकदा बोलवा. जे आत्ता माइकवर सांगितलं तेच सांगेन, फक्त साहेबांची स्तुती जरा कमी असेल.

साहेबांच्या खुणा दिसतायत, आवरतो. बोलायची संधी दिली, आणि भाषण आधी वाचायला मागितलं नाही, याबद्दल एचआरच्या मॅडमचे खास आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि कुणाला राग आलाच असेल, तर एवढंच लक्षात असू द्या की या भाषणात जे काही चुकलं ते माझं आहे. ते तरी ताईंच्या नावावर टाकू नका.