पदराने पुसलेला चमचा

लंडनच्या हॅरो भागातल्या सुट्या धान्याच्या मोठ्या दुकानात, वजनकाट्याच्या रांगेत माझ्यापुढे सासू, सून आणि पाचेक वर्षांची नात अशा तिघी होत्या.

"अन्वी, तोंडात काय आहे?"

"आजीने दिलं."

"फुटाणे दिले गं चार. घ्यायच्या आधी चाखून बघायला नको? आमचा वाणी तर स्वतःच हातावर ठेवतो."

"आई, इथे असं चालत नाही. अन्वी, थुंक. माझ्या हातावर थुंक."

"मृणाल, शेंगदाणे नाहीत ते. तिला दाणे चालत नाहीत, हे मला माहीत नाही का? तुमच्याकडे आल्यापासून कोशिंबिरीतसुद्धा कूट घातलं नाही मी."

"हाताने घेतलेत?"

"नाही गं, चमच्याने. फुटाण्यांच्या डब्यात चमचा नव्हता, म्हणून शेजारचा घेतला."

"शेजारच्या डब्यात काय होतं, आई?"

"दाणे होते. पण पदराने चांगला पुसून घेतला मी."

"मम्मा, माझा जीभ टोचतोय."

"खाली बस. माझ्याकडे बघ. मी मांडीत इंजेक्शनचं पेन टोचणार आहे, तू दहापर्यंत मोज. आणि तुम्ही, प्लीज, अँब्युलन्सला फोन करा. पीनट ॲलर्जी सांगा."

मी फोन लावला.

"किती लाळ गळतेय गं तिची. थांब, मी तोंड पुसते."

"आई, तो पदर नको."

"आजी, तू लांब का गेली? माझं हात पकड ना."

"मम्मीचा धर, बाळा. माझे हात अजून धुवायचेत."