उघडून बघितलेलं दही

रॉकेलच्या रांगेत कडेवरच्या बाळाला थोपटत सुमित्रा पुढच्या आजी-नातीचं बोलणं ऐकत होती.

"आज्जी, पैज मी जिंकले! एक वाटी झाकून ठेवली, दुसरी घडीघडी उघडून बघितली. दोन्हीत दही लागलं की. आता मला सायन्सला घालायचं."

"विरजण बघितलं की दही लागत न्हाय, महानंदा. माज्या सासूनं सांगितलंय."

"पण लागलं ना!"

"तुजी नजर गोड हाय, म्हणून लागलं. शेजारच्या निंगव्वाला बघाया लाव. तिच्या नजरंनं दूध नासतंय."

"आणि तरीबी लागलं तर?"

"तर जा सायन्सला. पर कशाला बोलावलंय, ते तिला सांगू नगंस."

संध्याकाळी सुमित्रानं दोन वाट्यांत विरजण लावलं आणि एकीवरचं झाकण काढून बाळाला वाकून बघू दिलं.