चमच्यापाशी उगवलेलं

बाबा : हात नको लावूस. आत्ताच खत घातलंय.

मुलगी : रोज घालता?

बाबा : दोन वेळा. पाण्यात पाच-पाच थेंब.

मुलगी : जेवणाआधी की जेवणानंतर?

आत्या : विचारू नकोस. हा औषधाच्या दुकानातून उठला, पण दुकान काही याच्यातून उठलं नाही. वहिनी होती तोवर बागेत पाऊल टाकलं नाही. आता उजाडत नाही तोच झारी घेऊन हजर.

बाबा : हसा. पण इतकं जोमानं या बागेत आजवर काही वाढलं नव्हतं.

मुलगी : ते दिसतंच आहे. माझ्या कमरेला लागलंय. पण हे आहे काय?

आत्या : फोनला फोटो दाखवला मी. आधी म्हणाला सूर्यफूल, मग म्हणाला पालक. मी पालकावर विश्वास ठेवला.

मुलगी : आत्या, तू खाल्लंस?

आत्या : दोनच पानं. पुढचे दोन दिवस तोंड असं कडू, की दादाशीसुद्धा गोड बोलावंसं वाटलं.

बाबा : तुला खायला सांगितलं होतं कुणी? अगं, हे तुझ्या आईनं पेरलेलं शेवटचं. दवाखान्यात जायच्या आधी सगळीकडे जुने चमचे खोचून गेली, कुठे काय पेरलंय ते कळावं म्हणून. मला सांगायचं राहून गेलं. प्रत्येक चमच्यापाशी हेच उगवलंय. याला फूल आलं की कळेल, तिच्या मनात काय होतं.

मुलगी : आणि बाकीची बाग कुठे गेली?

बाबा : उपटली.

मुलगी : सगळी?

बाबा : त्यांच्यापाशी चमचा नव्हता ना.

आत्या : शेवंती गेली, झेंडू गेला. मी ओरडले, तर म्हणतो, चिठ्ठीत नसलेलं आम्ही देत नाही.

(मुलगी रोपाचं एक पान तोडते. देठातून पांढरा चीक येतो.)

बाबा : अगं, तोडलंस कशाला?

मुलगी : बाबा, आई पेरलेल्या जागी चमचा खोचत नव्हती.

बाबा : मग?

मुलगी : हे तण आहे. आई याला घुसखोर म्हणायची. उपटलं की वरचं हातात येतं, मूळ आतच राहतं. जिथे मूळ तुटेल तिथे ती चमचा खोचायची, पुन्हा डोकं वर काढलं की खणता यावं म्हणून. शाळेत असताना तिच्याबरोबर मीच खणायचे.

आत्या : म्हणजे तिनं चोर कोणता ते बोट दाखवून सांगितलं, आणि दादा, तू त्याला पाट मांडून जेवायला वाढलंस.

बाबा : तू मला आधी का नाही सांगितलंस?

मुलगी : फोनवर म्हणायचात, आईचं रोप छान आहे. मला वाटलं, गुलाब असेल.

बाबा : चमच्यांचं तिनं मला कधीच सांगितलं नाही.

मुलगी : तुम्ही एवढंच विचारायचात, या घरातले चमचे जातात कुठे.

बाबा : म्हणजे जाताना तिनं काहीच पेरलं नव्हतं.

मुलगी : नाही. खणायचं ठेवून गेली.

आत्या : कुदळ आणू?

बाबा : थांब. एकदा फूल तरी येऊ दे.

मुलगी : फूल आलं की बी बागभर उडतं. ते येऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं, बाबा.

बाबा : एकट्याला निघतं का हे?

मुलगी : नाही. एकानं बुंधा धरायचा, दुसऱ्यानं खणायचं. मी सासरी गेल्यावर ती एकटीच करायची. म्हणून तर तुटायचं.

बाबा : तिनं मला हाक मारायची होती.

आत्या : मारायची. पार कोपऱ्यावरच्या घरात ऐकू जायची.

बाबा : आण ती कुदळ. तू धर गं, मी खणतो.

मुलगी : एवढ्या जवळ नको. बाजूनं घ्या. सावकाश.

बाबा : हे तर जातंच आहे खाली. किती खोल असेल?

मुलगी : माहीत नाही. आईला तळ कधी लागला नाही.