रविवारचे पाहुणे शुक्रवारीच

हसू नका बे, भंडाऱ्यात कॉन्टॅक्ट लेन्स बसवून देणारा माणूस म्हणजे साऱ्यायची गुपितं पोटात ठेवणारा माणूस. शुक्रवारी करडीची एक बाई पोरीले घेऊन दुकानात आली अन् हळूच म्हणे, "रविवारी पाहुणे पोरगी पाहाले येऊन राहिले. चष्म्याचं कोणाले कळलं नाही पाहिजे."

मी बुबुळाचं माप घेतलं, लेन्स घातली. नव्या लेन्सनं आधी डोळ्यातून पाणी येते, ती नीट बसली का, हे लगेच कळत नाही, म्हणून दोघींले बाहेर बाकावर बसवलं. तिथं आंबागडची बाई नुकतीच लेन्स घातलेल्या आपल्या पोराले घेऊन आधीच बसली होती. दोघी आया चपापल्या. रविवारचे पाहुणे हेच!

"तुम्ही इथं काहून?"

"बुढ्याच्या मोतीबिंदूचं विचाराले. अन् तुम्ही?"

"मी बी."

बुढा कोणाच्याच संगं नव्हता. पोराची आई पोरीकडे टक लावून पाहे.

"पोरगी रडून काहून राहिली?"

"तुमचा पोरगा काहून डोळे पुसून राहिला?"

आवाज चढले. तवा पोरगी म्हणाली, "आई, थांब ना. याचा फोटो मी चष्मा काढून पाहिला होता, म्हणून वळखू नाही आला. आता मले साफ दिसून राहिला, तं पाहू दे."